यातली माझ्या वयाची किती?

काजमावशी दिवसाला चाळीस काजं करायची आणि चाळिसाव्या काजाचा टाका पहिल्याइतकाच दाट असायचा. हे आधी सांगून टाकतो. पुढचं मला मान खाली घालून सांगावं लागणार आहे, आणि तिच्याबद्दल मान वर करून सांगण्यासारखं बरंच आहे.

काज म्हणजे बटण अडकवायचं भोक, एवढंच आपल्याला ठाऊक. तिच्या हाताखाली बघितलं असतंत तर त्याला भोक म्हणायची हिंमत झाली नसती. खडूची बारीक खूण, टोकदार कात्रीनं एकच चीर, चिरेच्या कडेनं जाड दोऱ्याची रेघ, आणि त्या रेघेवरून गाठ मारत मारत जाणारा टाका. दोरा आधी मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढलेला. मी एकदा म्हटलं, "उजव्या हाताची कमाल आहे, मावशी."

"उजवा नुसता हमाल रे," ती म्हणाली. "कापड कुठे धरायचं, किती ताणायचं, ते डावा अंगठा ठरवतो. डोकं तिकडे आहे."

शिंप्यांच्या गल्लीत नऊ दुकानं होती आणि नवांचीही काजं तिच्याकडे. मग काज करायचं मशीन आलं आणि सात दुकानं मशीनकडे गेली. आठवा शिंपी तिला समजवायला लागला, "मावशी, मशीन मिनिटाला दोन काढतं." ती म्हणाली, "मग कोटही मशीनलाच घाल की. माणसाला कशाला घालतोस?" तो ओशाळला. शर्ट मशीनवर गेले, कोट तिच्याकडे राहिले.

रंगाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, चौदा पायऱ्या, खिडकीशी दोन बैठे स्टूल. एकावर ती, दुसऱ्यावर तिची धाकटी बहीण. काज थोरलीचं, बटण धाकटीचं, अशी वाटणी. धाकटीचे कान लहानपणीच तापात गेलेले. दोघींची बोलण्याची खुणांची भाषा होती, घरीच तयार झालेली. आई गेली तेव्हा मावशी बारा वर्षांची होती. तिनं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बघायला आले होते ना. पण त्यांना एक हवी होती आणि आम्ही दोघी होतो."

धाकटी एकटी घराबाहेर पडत नसे. सात-आठ वर्षांची असताना मागून आलेल्या गाडीचा हॉर्न तिला ऐकू आला नाही आणि पायावरून चाक गेलं. पाय बरा झाला, भीती राहिली. पुढे पन्नास वर्षं ती थोरलीचा दंड धरल्याशिवाय रस्त्यावर आली नाही. बाजार, बँक, औषधं, दुकानांतून कोट आणणं आणि पोचवणं, सगळं मावशी.

मला ती भोंग्या म्हणायची. सरकारी दवाखान्यात डायलिसिसची मशीनं मिळावीत म्हणून मी सह्या गोळा करत गल्लीत फिरत होतो, तेव्हाची ही ओळख. खाली उभा राहून मी ओरडत होतो. तिनं खिडकीतून डोकं काढलं. "वर ये, सही देते. पण जरा हळू बोल. धाकटी सोडून सगळ्यांना ऐकू जातंय."

ती मशीनं मी आणली. आणली म्हणजे आणवली. अधीक्षकांच्या दाराशी अकरा दिवस बसलो, बाराव्या दिवशी कागद निघाला, सहा मशीनं आली. शाळा मी सातवीत सोडली. पण मूत्रपिंड काय करतं, रक्त कसं गाळलं जातं, हे औषधांच्या खोक्यांतले कागद वाचून शिकलो, आणि पांढऱ्या कोटातल्या माणसांना तोंडावर प्रश्न विचारले. गर्व होता मला. आजही पुरता गेला नाही, म्हणूनच हे लिहायला एवढा वेळ लागला.

मग दवाखान्यात एक नवी डॉक्टरीणबाई आली. वयानं लहान, आवाज मऊ, पण हट्टी. ती म्हणाली, मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला आपण नुसतं सांगतो, मशीनवर या. त्याच्यापुढे तीन वाटा असतात, त्या आपण दाखवतच नाही. दवाखान्यात येऊन मशीनवर रक्त गाळून घेणं. पोटात नळी बसवून घरीच पिशव्या बदलणं. किंवा दोन्ही न करणं, आणि सूज, दम, खाज यांवर औषधं घेत जमेल तितके दिवस घरी काढणं. या तिन्हींची एक पुस्तिका करू, मोठ्या अक्षरांत, चित्रांसकट. ती वाचून माणसानं स्वतः ठरवावं. पुस्तिकेसाठी समिती नेमली, तिच्यात रुग्णांच्या बाजूनं मी.

तिसऱ्या वाटेवरून आम्ही भांडलो. "हे पान म्हणजे गरिबाला घरी जाऊन मर सांगणं आहे," मी टेबलावर हात आपटून म्हणालो. "अकरा दिवस मी याच्यासाठी बसलो नव्हतो." ती म्हणाली, "वय झालेल्या, हृदय थकलेल्या माणसांचं गणित वेगळं असतं. त्यांच्यासाठी चित्रही वेगळं काढायला हवं." चित्र म्हणजे शंभर ठिपके. शंभर माणसं मशीनवर गेली तर वर्षानंतर किती उरली, ते भरलेल्या ठिपक्यांनी दाखवायचं. मी म्हणालो, दोन-दोन चित्रांनी लोक गोंधळतात. आवाज माझा मोठा होता. निदान पुस्तिकेची चाचणी होईपर्यंत तरी सगळ्या वयांचं एकच चित्र ठेवायचं ठरलं, आणि तिसरी वाट चार ओळींत आली. बाई म्हणाली, "ठीक आहे, चाचणीत लोक काय विचारतात ते बघू. मग बदलू."

चाचणीची पद्धत अशी होती. ज्याला खरंच निवड करायची आहे अशा माणसापुढे पुस्तिका ठेवायची. त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि मनात येईल ते बोलायचं. समोरच्यानं फक्त लिहून घ्यायचं. वाचणाऱ्यानं काही विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचा आणि डॉक्टरीणबाईकडे न्यायचा. पुस्तिका कुठे कमी पडते ते त्या प्रश्नांवरूनच कळणार होतं. बाईनं हे मला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "बाई, मी बहिरा नाही."

त्याच महिन्यात काजमावशीच्या पायांना सूज आली. वय एकोणसत्तर, दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. मूत्रपिंडं संपत आली होती. मी पुस्तिका घेऊन तिच्या चौदा पायऱ्या चढलो. वाचून झाल्यावर तिची बाईशी भेट ठरलेली होती.

तिनं सावकाश वाचलं, मध्येमध्ये थांबून धाकटीला खुणांनी सांगत. ठिपक्यांच्या पानावर ती बराच वेळ थांबली. डावा अंगठा एकेका ओळीवरून फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा.

"यातली माझ्या वयाची किती?" तिनं विचारलं.

हा प्रश्न वहीत लिहायचा होता. बाई ज्याची वाट बघत होती, नेमका तोच प्रश्न. पेन माझ्या हातात होतं.

मी म्हणालो, "मावशी, यात तुम्ही आहातच की. सगळी आपलीच माणसं."

सभेत असं बोललो की टाळ्या पडतात. मावशीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मान हलवली. माझ्यावर विश्वास होता तिचा. पान उलटलं.

शेवटच्या पानावर चौकटी होत्या. मला सगळ्यात महत्त्वाचं काय: जास्त काळ जगणं, घरी राहणं, त्रास कमी होणं, आपलं काम करता येणं. ती म्हणाली, "यात माझं नाही. मला धाकटीला एकटीनं बाहेर पडायला शिकवायचंय. बाजार, बँक, दवाखाना. त्याला माझे सहा महिने जातील. पण ते मी पायांवर उभी असतानाचे हवेत, अंथरुणातले नकोत."

मी "जास्त काळ जगणं" यावर खूण केली. सहा महिने म्हणजे जगणंच की, असं मनाशी म्हणालो. आणि म्हणालो, "मशीनवर या मावशी. ताज्यातवान्या व्हाल."

आता कारण सांगतो. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात अधीक्षकांनी मला बोलावून सांगितलं होतं, सकाळच्या पाळीला खुर्च्या रिकाम्या राहतात. अशाच राहिल्या तर दोन मशीनं दुसरीकडे हलवू. माझी मशीनं. मला खुर्चीत बसायला माणूस हवा होता. ही माझ्या ओळखीची होती, माझं ऐकणारी होती. तिच्या जिवाची काळजी नव्हती असं नाही. पण काळजी किती आणि खुर्ची किती, हे त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. यावरूनच काय ते समजा.

भेटीत बाईनं तिला विचारलं, "मावशी, सगळं समजलं? काही विचारायचं आहे?"

"विचारलं ना याला," मावशी म्हणाली. "समजलं. मशीन घेते."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं: प्रश्न नाही.

मशीनच्या सुया टोचायला जाड शीर लागते, म्हणून डाव्या दंडात शीर जोडायची छोटी शस्त्रक्रिया झाली. उजवा हात कामाचा म्हणून डावा. ती तयार होईपर्यंत मानेत नळी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास खुर्चीत. त्या दिवशी ती घरी येऊन आडवी व्हायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठायची. मशीनवर असताना रक्तदाब उतरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आठवड्यातला उरला एक सोमवार. आणि शीर जोडल्यापासून डाव्या हाताची बोटं गार पडायला लागली. "कापड धरलंय की नाही तेच कळत नाही रे," ती म्हणाली. एका कोटाचं काज दोन सूत तिरकं गेलं. तिनं ते उसवलं, पुन्हा केलं, पुन्हा तिरकं गेलं. तो कोट तिनं शिंप्याकडे तसाच परत पाठवला.

मी तिला सांगत होतो, "सवय होईल, मावशी. सगळ्यांना होते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" ती म्हणायची. मी विषय बदलायचो.

चौथ्या महिन्यात एका गुरुवारी ती खुर्चीतच बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई तिच्याजवळ स्टूल ओढून बसली. मी पायाशी उभा होतो. बाईनं विचारलं, "मावशी, तुमच्या वयाच्या, असं हृदय असलेल्या माणसांना मशीनचा फायदा बराच कमी होतो. काहींना तर जवळजवळ नाहीच. हे तुम्हाला निवडताना कळलं होतं ना?"

"मी विचारलं होतं," मावशी म्हणाली. "माझ्या वयाची यात किती, म्हणून. हा म्हणाला, तुम्ही आहातच."

बाईनं मान वळवली. "वहीत तर प्रश्न नाही असं लिहिलंय."

खरं तर तिथेच गप्प बसायचं होतं. पण माझा तोल गेला. "आता तुम्ही मला शिकवणार?" मी ओरडलो. शेजारच्या खुर्चीतला माणूस दचकून जागा झाला. "ही मशीनं कोणी आणली? तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात! एक प्रश्न लिहायचा राहिला तर..."

"भोंग्या," मावशी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मला थांबावंच लागलं. "राहिला, की तू लिहिलाच नाहीस?"

दहा माणसं ऐकत होती. नर्स हातातली पट्टी तशीच धरून उभी होती. मी आयुष्यात मोठमोठ्या साहेबांना निरुत्तर केलंय. निरुत्तर होणं काय असतं ते तेव्हा कळलं. 

"नाही लिहिला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं माप घेत होती.

मग मी मूर्खासारखं बाईला विचारलं, "पण आता बंद करता येईल ना? मग झालं की, सगळं पहिल्यासारखं."

"बंद करता येईल," बाई म्हणाली. "पण सुरूच न करणं आणि सुरू करून बंद करणं सारखं नाही. तेव्हा मूत्रपिंडं थोडं काम करत होती. औषधांवर काही महिने चांगले गेले असते, कदाचित. आता ते काम बरंच थांबलंय. आता बंद केलं तर थोडे आठवडेच मिळतील."

मावशीनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे माझे सहा महिने गेले."

बाईनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी पाय धरायला गेलो. खरंच धरायला, वाकलोही. तिनं पाय ओढून घेतले. "नाटकं करू नकोस. माझे दिवस तू घेतलेस, आता तुझे दे. मी त्या खुर्चीत असेन तेव्हा तू धाकटीला बाहेर न्यायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आणि तोंड बंद. तिला तसंही ऐकू येत नाही, उगाच वाफ कशाला दवडतोस?"

मग मी गेलो. सभा सोडल्या, मोर्चा सोडला, सहकारी हसले. पहिल्या दिवशी धाकटी चौदा पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं माझा दंड धरला तो इतका घट्ट, की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. तिथेच उभं राहून आम्ही परत वर गेलो. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या दारापर्यंत. मला कोणाला काही शिकवायचं म्हणजे बोलायचं, एवढंच येत होतं. इथे बोलून उपयोग नव्हता. रस्ता ओलांडताना मागे कसं वळून बघायचं, दुकानाच्या काचेत येणारी गाडी कशी दिसते, हे मला आधी स्वतःला शिकावं लागलं. रोज रात्रीच्या जेवणाआधी मावशी अंथरुणातूनच मला पाच खुणा शिकवायची. मी चुकलो की दोघी हसायच्या. तेवढं हसणं मी त्या घराला दिलं, बाकी काय दिलं ते वर लिहिलंच आहे.

बँकेच्या खिडकीशी पोचायला सात आठवडे लागले. खिडकीतला माणूस माझ्याशीच बोलायला लागला, "हिची सही कुठे आहे?" माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. दातांवर दात दाबून गप्प उभा राहिलो. धाकटीनं त्याच्यापुढे कागद सरकवला, पेन मागितलं आणि सही केली. दहाव्या आठवड्यात ती माझ्या चार पावलं पुढे चालायला लागली. बाराव्या आठवड्यात म्हणाली, म्हणजे खुणेनं म्हणाली, तू येऊ नकोस. एकटी गेली, आठव्या शिंप्याकडून दोन कोट घेऊन आली, बटणं लावायचे. वर येऊन धापा टाकत स्टुलावर बसली. मावशी त्या दिवशी उशीला टेकून बसलेली होती. तिनं कोट हातात घेतला, उलटा केला, मशीननं केलेली काजं पाहिली आणि नाक मुरडलं. मग धाकटीच्या गालाला गार बोटं लावली.

पुढच्या मंगळवारी मशीनवर जायच्या आधी तिनं डॉक्टरीणबाईची वेळ घेतली. स्वतःच. धाकटीला घेऊन ती आत गेली आणि मी सवयीनं तिच्यामागून खोलीत शिरलो.

"तू बाहेर थांब," ती म्हणाली.

"मावशी, मी नुसता..."

"बाहेर."

दार लागलं. मी बाकावर बसलो. आतून बाईचा आवाज येत होता, मधूनमधून मावशीचा, शब्द कळत नव्हते. याच दाराशी मी किती लोकांना सांगितलं होतं, आत शिरा, हक्कानं शिरा. अर्धा तास झाला. मग धाकटी बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे गेली, समोरच्या दुकानातून औषधं आणायला. तिच्यामागून मावशी, भिंतीला हात लावत.

"शनिवारपासून येणार नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आजचं आणि गुरुवारचं घेते. बाईनं घरी घ्यायची औषधं दिलीत. माझी खुर्ची कोणाला हवी असेल तर दे." आणि जरा थांबून, "नीट विचारून दे."

माझ्या तोंडात दहा वाक्यं आली. मी फक्त हो म्हणालो.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. दम लागायचा, औषधानं कमी व्हायचा. औषधं संपली की धाकटी जाऊन आणायची. मी जिन्यात बसलेला असलो तरी मला न सांगता, माझ्या बाजूनं उतरून. शेवटच्या सकाळीही ती औषधालाच गेली होती. परत आली तेव्हा मावशी गेलेली होती. मी दारात उभा होतो आणि मला ती खूण येत नव्हती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं.

पुस्तिका आता बदलली आहे. वयाप्रमाणे चित्रं वेगळी आहेत, तिसऱ्या वाटेला पूर्ण पान आहे. बाईनं मला समितीतून काढलं नाही. मीच जात नाही. मावशीची खुर्ची लगेच भरली. दोन मशीनं हलली नाहीत. लोक अजून त्याबद्दल माझं अभिनंदन करतात आणि मी ते ऐकून घेतो.

धाकटी खिडकीशी बसते, बटणं लावते. रस्त्यात भेटली तर हात वर करते, थांबते, मागे वळून गाड्या बघते, मग ओलांडते. खुर्चीशी त्या गुरुवारी काय झालं, मी काय केलं होतं, हे थोरलीनं तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. विचारण्याइतक्या खुणा मला येतात. विचारलेलं नाही.